जानेफळचा नारळ आणि माझं मनगट

"दादा, तू ये आणि यांच्या डोक्यातला नारळ काढ," असा धाकट्या बहिणीचा फोन आला आणि माझी या उन्हाळ्याची सहल ठरली. लोक एप्रिलात थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी बुलढाणा जिल्ह्यात गेलो. कोणाला तसलीच हौस असेल तर हे वाचा आणि सोबत टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि तर्कबुद्धी घ्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

आधी नारळाचं सांगतो. माझी बहीण मंगल जानेफळला दिली आहे, मेहकर तालुक्यात. आमचे जवाई गजाननराव शिकलेले, मोबाईलवर चार बाजारांचे भाव पाहून माल काढणारे. पण शेतात बोअर घ्यायचा म्हटला की ते पाणाड्याला बोलावतात. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी शेतभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं पाणी. या पद्धतीने जवाईंनी दोन बोअर घेतले. दोन्हींतून उत्तम प्रतीची पांढरी धूळ निघाली.

आता तिसऱ्याची तयारी होती, आणि हा शेवटचा. विहीर तळाला गेलेली, संत्र्याची बाग यंदा पहिल्यांदाच फळावर आलेली. "हाही कोरडा गेला तर झाडं तोडून सोयाबीन पेरतो," असं जवाईंनी घरात जाहीर केलं होतं. ती झाडं मंगलने रोपं असल्यापासून वाढवलेली, एका उन्हाळ्यात तर डोक्यावरून कळशीने पाणी आणून. तिने भूजलाचा अभ्यास केलेल्या एका तरुणाला बोलावून घेतलं. त्याने यंत्र लावलं, तारा पसरल्या आणि नाल्याच्या अंगाला एका दगडावर चुन्याची फुली मारून दिली. जवाईंना ती जागा मंजूर नव्हती. कारण विचारलं तर मंगल म्हणाली, "तो बूट घालून फिरला म्हणे. बुटातून पाणी कसं कळन?"

अशा कामाला मीच का? कारण घरात माझी ख्याती आहे. मी मूळचा देऊळगाव राजाचा. गणिताने दहावीत दगा दिल्यावर मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळायला लागलो आणि गुंडाळत गुंडाळत आज संभाजीनगरात स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. माझ्याकडे जळलेला पंप घेऊन येणारा शेतकरी आधी सांगतो की कोणाची तरी नजर लागली. मी झाकण उघडून काळी पडलेली तार दाखवतो. तो तार नीट पाहतो, मान हलवतो, पैसे देतो आणि दुरुस्त झालेल्या मोटारीला लिंबू-मिरची बांधूनच घरी नेतो. त्यामुळे पुराव्याने माणसाचं मत बदलतं हा गैरसमज मला नाही. तरी बहिणीने बोलावलं म्हणून निघालो.

घाई असेल तर समृद्धी महामार्गाने मेहकर गाठा. मी जुन्या रस्त्याने जालन्यावरून गेलो, कारण त्या रस्त्यावर चहा मिळतो आणि चहाजवळ माणसं बोलतात. रस्ता बरा आहे, मधेमधे काम चालू असल्याच्या पाट्या आहेत. काम दिसलं नाही. देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घेतलं (सकाळी लवकर जा, नंतर फरशी तापते) आणि बसस्थानकाजवळ चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर दोन गृहस्थ होते, एकाच्या हातात खताची पिशवी, दुसऱ्याच्या हातात बशी.

"त्या वळणावर पांढऱ्या लुगड्यातली बाई हात दाखवते म्हणे गाडीले," खतवाला म्हणाला.

"कोणी पाह्यली?"

"माह्या साडूच्या दोस्तानं."

"मंग थांबला का तो?"

"थांबला असता तं सांगाले राह्यला असता का?"

बशीवाल्याला हे पटलं. मला राहवेना. म्हटलं, "त्या दोस्ताला भेटता येईल का? मी त्याच बाजूला निघालोय."

खतवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो आता पुण्याले राह्यते."

आजवर भुताच्या गोष्टी सांगणारी पुष्कळ माणसं मला भेटली. भूत पाहिलेला माणूस मात्र नेहमी साडूचा दोस्त असतो आणि तो नेहमी पुण्याला असतो. स्वतःचा अनुभव म्हटला तर लोक उलटतपासणी घेतात, दुसऱ्याच्या अनुभवाला कोणी हात लावत नाही. शिवाय गोष्टीतला माणूस जितका लांबचा, तितका तो जास्त खरं बोलतो, असं आपण का कोण जाणे धरून चालतो.

पुढे सिंदखेड राजावरून मेहकर. मेहकरला गरम कचोरी खा, सोबत तळलेली मिरची मागून घ्या, ती आपणहून देत नाहीत. तिथून खामगाव रस्त्याने जानेफळ. संध्याकाळी मंगलने ज्वारीची भाकरी आणि पातोडीचा रस्सा वाढला. रस्सा इतका झणझणीत की जवाईंशी वाद घालायला तोंड उरलं नाही. वाढताना मंगल एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी बुवा येऊन राह्यले. त्यांचा नारळ टेकाडाकडं गेला की संपलं सगळं."

सकाळी शेतात पाणाडे किसनबुवा हजर होते. मी मनात एक लबाड म्हातारा रंगवून ठेवला होता. आले ते पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, सुपारी कातरत हळू बोलणारे सत्तरीचे गृहस्थ. पैसे घेत नाहीत. नारळही स्वतःचा आणतात. माझी निम्मी भाषणं तिथेच वाया गेली.

नियम मात्र कडक होते. चपला बाहेर. कमरेचा चामडी पट्टा, पाकीट, मोबाईल बांधावर. आणि बायकांनी शेतात पाऊल टाकायचं नाही, नारळाला चालत नाही. त्यामुळे जिची बाग ती मंगल जावेसोबत बांधावर उभी, डोळ्यांवर हात धरून.

बुवा चालू लागले. नारळ तळहातावर आडवा, शेंडी पुढे. मी मागे मागे. मला मोटारीचा आवाज ऐकून बिघाड ओळखायची सवय आहे, म्हणून मी नारळाकडे न पाहता बुवांचा श्वास ऐकत होतो. उन्हात दोन फेऱ्या झाल्यावर श्वास जड झाला. टेकाडावरच्या पळसाच्या सावलीत ते शिरले, हुश्श झालं, खांदा उतरला, आणि नारळ टुणकन उभा.

"इथं," बुवा म्हणाले.

मी जवाईंना विचारलं, "आधीचे दोन बोअर कुठे घेतले होते?"

"तो एक त्या निंबाखाली. आन् दुसरा तिकडं, बाभळीजवळ."

"म्हणजे दोन्ही झाडाखाली. जवाई, बुवा थकले की सावलीत येतात, सावलीत आले की हात सैल पडतो. आडवा नारळ तळहातावर आधीच डळमळीत असतो. बोटभर हात कलला की तो उठणारच."

जवाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊसाहेब, खाली पाणीच नसतं तं झाड जगलं कसं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सुचलं मेहकर सोडल्यावर.

"तुम्हीच धरून पाहा ना," बुवा म्हणाले. टोमणा नव्हता, चहा पुढे करावा तसा त्यांनी नारळ पुढे केला. मी तळहात सपाट ठेवला आणि हात अजिबात हलवायचा नाही असं ठरवून चालू लागलो. बुवा शेजारून चालत हळू आवाजात सांगत होते, "आता ओढ लागन पाहा... मनगटाले मुंग्या येतीन... येऊन राह्यली... येऊन राह्यली..."

आणि नारळ उभा राहिला.

खरं तेच लिहितो. मी काही केलं नव्हतं. हाताखालून कोणीतरी हलकेच उचलून दिल्यासारखा तो उठला आणि माझ्या मानेवर काटा आला. हात माझा, मनगट माझं, आणि मला न विचारता कामाला लागलेलं. बुवांचा आवाज कानात शिरून थेट बोटांपर्यंत गेला होता, मधे माझ्या शहाण्या डोक्याला थांबा नव्हता. या माणसाला हे आयुष्यभर होत आलं असेल तर त्याने विश्वास का ठेवू नये? मीच दुपारपर्यंत बुवा झालो असतो.

पण मी हट्टी आहे. म्हटलं, डोळे बांधून परत. पाणी खाली असेल तर डोळे बांधल्याने ते कुठे जाणार? बुवांनी स्वतःच उपरणं दिलं. जवाईंनी डोळे बांधले, मला गरगर फिरवलं, हाताला धरून चालवलं. नारळ उभा राहिला तिथे दगड ठेवला. पुन्हा फिरवलं, पुन्हा दगड. असं तीनदा. उपरणं सोडलं तर तीन दगड तीन दिशांना, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मी जिंकलो होतो.

"पाहिलंत?" मी म्हणालो.

"पाह्यलं," जवाई म्हणाले. "तीन धारा हायेत बुवा. तीन धारा."

बुवांनी हात जोडले. तेवढ्यात बांधावरून मंगलचा आवाज आला, खणखणीत. "त्याच्या हातात नारळ उठनच. दादा पायाळू हाये. आई सांगे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं मूल ते पायाळू. त्याला जमिनीतलं पाणी आणि धन दिसतं, विजेपासून त्याला जपावं लागतं, आणि कोणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावला की ती उतरते, असा समज. मी पायाळू आहे हे मला स्वतःला तेव्हाच कळलं.

पुढचं सगळं बदललं. बुवा एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "मंग मी कोण सांगणारा? आता हेच सांगतीन." जवाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर मला लग्नातही मिळाली नव्हती. मी बांधाकडे पाहिलं. मंगलने मान नाल्याकडे वळवली, जिथे तो चुन्याच्या फुलीचा दगड होता.

मी नारळ घेतला. सरळ नाल्याकडे चालायला लागलो असतो तर फार उघड झालं असतं, म्हणून आधी टेकाडाकडे गेलो, थबकलो, डोळे मिटले, वळलो. एवढा अभिनय जमेल असं वाटलं नव्हतं. फुलीच्या दगडाशी आलो आणि मनगट वळवलं. नारळ शिपायासारखा उभा.

"हेच," मी म्हणालो. आवाजही जरा घोगरा काढला.

सगळे पुढे धावले. किसनबुवा मात्र जागचे हलले नाहीत. गर्दी जराशी पांगल्यावर ते जवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मनगट जरा जास्त वळवलं तुम्ही."

एवढं बोलून ते सुपारी कातरायला लागले. त्या शेतात एक भोंदू होता आणि तो संभाजीनगरहून आला होता.

दुपारी घरी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली, आणि जेवण उतरायच्या आत ओसरीवर माणसं जमली. मला वाटलं पाहुण्याला भेटायला आलीत. एक आजी येऊन थेट पालथ्या झोपल्या. "लाव बाप्पा पाय. महिन्यापासून वाकता येईना."

वयाने आईएवढ्या बाईच्या पाठीला पाय कसा लावायचा? मी मागे सरलो तर जवाई म्हणाले, "लावा भाऊसाहेब, पाप नाई लागत." लावला. आजी उठल्या, वाकल्या, पायाच्या अंगठ्याला हात लावून दाखवला आणि माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी त्यांच्या सुनेला हळूच सांगितलं की डॉक्टरला दाखवा, हाडाची तपासणी करा. सून म्हणाली, "दाखवलं ना. त्यायच्या गोळीनं आराम हाये दोन दिवसापासून." आजी तोवर गल्लीत पोचल्या होत्या आणि गोळीचं नाव कुठेच नव्हतं. बरं वाटलं त्याच्या अगदी आधी जे घडलं, त्याला सगळं श्रेय. माझ्या दुकानातही मोटार दुरुस्त मी करतो आणि नाव लिंबाचं होतं.

बोअरची गाडी एक दिवस उशिरा येणार होती, म्हणून जवाईंना घेऊन लोणारला गेलो. मेहकरहून जवळ आहे. सकाळीच जा, वर चढून येताना ऊन जीव काढतं. उल्कापाताने झालेलं एवढं प्रचंड विवर, काठाची झाडी, खाली खारं पाणी, मोर ओरडतात. इतकं पुरेसं आहे असं मला वाटतं, पण लोकांना पुरत नाही. एक जण आपल्या मंडळींना मोबाईलमधलं होकायंत्र दाखवत होता, "बघा, कसं पिसाळलं. इथली शक्ती." काटा खरंच गरगरत होता. तिथले काही दगड चुंबकाला ओढले जातात हे मला माहीत आहे, पण हा तर सिमेंटच्या पायरीवर उभा होता.

मी काही बोलायच्या आत जवाई पुढे झाले. "दादा, तुमच्या मोबाईलच्या कव्हरले चुंबक हाये. ते काढून पाहा." त्याने कव्हर काढलं, काटा शहाण्यासारखा उत्तरेला थांबला. मंडळी हिरमुसली.

परत येताना जवाई गाडीत हसत होते. "लोक कायबी मानतात ना भाऊसाहेब."

हा माणूस दुसऱ्याच्या होकायंत्रातलं चुंबक एका नजरेत ओळखतो. स्वतःच्या शेतात गेला की पट्टा काढून ठेवतो. आणि आपण सगळेच असे आहोत. दुसऱ्याची श्रद्धा तपासायला आपण सदैव तयार असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, तमिळनाडूची, पुढे काळी बाहुली आणि चाकाखाली लिंबू. मशीन सुरू झालं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत सगळी गंमत होती. आता माझ्या मनगटाच्या भरवशावर जमिनीला भोक पडत होतं. त्या यंत्रवाल्या तरुणाने स्वतः सांगितलं होतं म्हणे की शक्यता चांगली आहे, खात्री देत नाही. खरं बोलणाऱ्याची हीच अडचण, बुवा कधी शक्यता देत नाहीत.

धूळ उडायला लागली. पांढरी. मग तांबूस. मग पुन्हा पांढरी, बराच वेळ. जवाई कडेला उकिडवे बसले होते, माती चिमटीत घेऊन चोळत. आता बोअर मारताना बायकांना बंदी नव्हती, तरी मंगल बांधावरच होती, पदराचं टोक मुठीत. तिने बागेकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. कोरडं निघालं तर झाडं जाणार होती, आणि ती माझ्या शब्दावर गेली असं सासरी कायम म्हटलं जाणार होतं.

आधी आवाज बदलला. सगळ्यांच्या आधी मला ऐकू आला, खडखड जाऊन पचपच. मग धुळीचा चिखल झाला आणि चिखलामागून पाणी आलं, मशीनवरच्या माणसाच्या डोक्यापर्यंत. जवाई तसेच भिजत उभे राहिले. मंगल बांधावरून उतरली, चपला न काढता, आणि सरळ पाण्यात येऊन उभी राहिली. तिला कोणी अडवलं नाही.

निघताना मला राहवेना. गाडीत बसण्याआधी जवाईंना बाजूला घेतलं. "हे बघा, तो नारळ मी मनगटाने उभा केला. जागा त्या यंत्रवाल्या पोराची. मी पाणाड्या नाही, पायाळू आहे की नाही तेही मला माहीत नाही. पुन्हा बोअर घ्याल तेव्हा त्याला बोलवा."

जवाई हसले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "ज्याच्यात गुण असते तो कबूल करत नसते भाऊसाहेब. किसनबुवाबी पहिलेपहिले असंच म्हणत."

"आणि त्या पोराला निदान फोन करून सांगा."

"केला ना. सांगितलं त्याले, तुह्या फुलीवर नारळबी उभा राह्यला, म्हणजे तू बरोबर होता."

जालन्यापर्यंत मी रेडिओ लावला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. दोन गावांहून फोन आले, नारळ घेऊन कधी येता म्हणून. दोघांनाही मी यंत्रवाल्या तरुणाचा नंबर दिला आणि "त्याला माझ्या नावाने सांगा" असं म्हणालो, म्हणजे त्याचं ऐकतील. काल रात्री जेवताना मंगलचा फोन आला, बागेला पाणी चालू आहे, फळ धरतंय. मी विचारलं, "मंगल, मी पायाळू आहे असं आई कधी म्हणाली गं?"

"नाई म्हणाली. तू सरळ आला. पायाळू मी हाये."

घास हातात राहिला. म्हणजे त्यांच्याच हिशोबाने पाणी दिसायचा अधिकार जिचा, तिलाच शेतात पाऊल टाकायला बंदी होती.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? पावसाळाभर विजेच्या भेवानं घरात कोंडून ठेवलं असतं. आन् साऱ्या गावाच्या पाठी माह्यापाशी. तुले तं निघून जायचं होतं."

"पण मी त्यांच्या डोक्यातला नारळ काढायला आलो होतो ना?"

"नारळ निघत नाई दादा. इकडचा तिकडं ठेवता येते फक्त."

एवढ्या लांबच्या गाडीने माझ्या पाठीत उसण भरली आहे. मलम चालू आहे, गोळी चालू आहे, डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय. माझा कशावरही विश्वास नाही हे वर पुरेसं लिहिलंच आहे. पुढच्या महिन्यात मंगल माहेरपणाला माझ्याकडे येतेय. ती घरात असेल, तिचा पाय घरात असेल आणि मी असाही पालथा पडलेलो असेन, तर त्यात विज्ञानाचं काय बिघडतं?